हयातीचा हक्क संपला, पीक मात्र उभे आहे: या चुका टाळा

फेब्रुवारीच्या अखेरीस गोव्यातल्या आमच्या वाड्यावरचे एक काका वारले. वांयगणाचे, म्हणजे हिवाळी हंगामाचे, भात पिकून पिवळे झाले होते. जमीन त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी बक्षीसपत्राने पुतण्याला दिली होती आणि हयातीपुरता उसुफ्रुत, म्हणजे उपभोगाचा हक्क, स्वतःकडे ठेवला होता. तेराव्याच्या आधीच मुलगी आणि जावई विळे घेऊन शेतात उतरले. पुतण्याने बांधावरून अडवले. वाद मिटेपर्यंत अर्धे भात आडवे झाले, दाणे चिखलात झडले. आजही त्या दोन घरांत बोलणे नाही.

मुलीचे म्हणणे साधे होते: "बाबांनी पेरले, पीक बाबांचे." ऐकायला पटते, पण उसुफ्रुताचा हिशेब वेगळा आहे. रोमन कायद्यापासून चालत आलेला नियम असा, की तोडलेले फळ उपभोगणाऱ्याचे आणि झाडावरचे किंवा शेतात उभे असलेले मालकाचे. हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही. म्हणजे काकांच्या हयातीत खळ्यावर आलेले भात मुलीचे, उभे भात पुतण्याचे. दस्तात वेगळे लिहिले असेल तर गोष्ट निराळी, म्हणून आधी दस्त काढून वाचा. उसुफ्रुत नवराबायको दोघांच्या नावे राखलेला असेल, तर एकाच्या जाण्याने तो संपेलच असे नाही. काकी हयात असत्या तर हा तंटा कदाचित उभाच राहिला नसता.

दुसरी चूक इंटरनेटवरून येते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात हयातीपुरती जमीन धरणारा पेरणीनंतर वारला, तर धान्य, बटाटे अशी दरसालची पिके त्याच्या वारसदारांना काढता येतात. गवत आणि झाडांची फळे नाहीत. आपण कधी मरणार हे पेरणाऱ्याला ठाऊक नसते, हे त्यामागचे कारण. नियम चांगला आहे, पण तो तिथला. आपल्याकडच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये अनिश्चित मुदतीच्या भाडेपट्ट्याबद्दल तसेच काहीसे आहे. पण कलम ११७ मुळे ते शेतीच्या पट्ट्यांना सरसकट लागू होत नाही, आणि उसुफ्रुत हा भाडेपट्टा नव्हेच.

कुळाला या घोळात ओढू नका. गोव्याच्या १९६४ च्या कूळ कायद्याखालचा हक्क कुळाच्या मृत्यूने संपत नाही, वारसांकडे जातो. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, कुळाचे नाव आहे का ते पाहिल्याशिवाय कोणाच्या पिकाला हात लावू नका.

आणि भांडण असले तरी पीक वाया घालवू नका. दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांसमोर फोटो काढावेत, कापणी करून पोती मोजावीत, विक्रीचे पैसे वेगळे ठेवावेत. काजूच्या हंगामात तर हे रोजचेच: पहाटे बोंडू गोळा केले नाहीत तर दुपारपर्यंत गुरे खातात. बियांचे वजन त्याच दिवशी वहीत लिहा, दोघांची सही घ्या. नारळाच्या पाडणीचेही तसेच. किती नारळ उतरले आणि पाडेल्याला किती दिले, दोन्ही लिहा.

नवा दस्त करत असाल तर उभ्या पिकाचे कलम नोटरीला आग्रहाने घालायला सांगा: पीक कोणाचे, आणि बियाणे, खत, नांगरणीचा खर्च कोणी कोणाला द्यायचा. काकांच्या बक्षीसपत्रात विहिरीचे पाणी आणि वाटेचा हक्क तपशिलाने होता. पिकाबद्दल एक ओळ नव्हती.