खानापूर ते निपाणी: बोली किती जवळच्या, हे मोजायचं कसं

बेळगावच्या सीमाभागातल्या दोन गावांच्या बोली ताडून पाहायच्या, तर आधी शब्द. अवयव, नाती, शेती, स्वयंपाक, संख्या अशी 210 शब्दांची यादी घ्या आणि गावातच वाढलेल्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करा. ‘पाण्याला काय म्हणता?’ विचारलं की ‘पाणी’च हाती येतं, भरलेला तांब्या दाखवा, कोकणी बोलणारा ‘उदक’ म्हणेल. एकाच अर्थाचा दोन्ही गावांतला शब्द ही एक जोडी. जोडीतले निम्मे ध्वनी जुळले आणि पाव भागाहून जास्त बेमेल नसले, तर शब्द सारखा धरा. 210 पैकी 168 म्हणजे 80 टक्के. 60 च्या खाली आल्यास पुढच्या चाचणीत सहसा अर्थ नाही. दोन्हीकडे कन्नडमधून आलेले शब्द वेगळे मोजा. ते आकडा फुगवतात.

मग समज. कुणाची तरी 2-3 मिनिटांची आपबिती रेकॉर्ड करा. लोककथा नकोच, तिचा शेवट सगळ्यांना पाठ असतो. त्यावर 10 प्रश्न, ऐकणाऱ्याच्या बोलीत. आधी कथेच्याच गावात 10 जणांना ऐकवा. तिथंही अडलेला प्रश्न सदोष, तो काढा. नंतर दुसऱ्या गावात, एकेकट्याला, हेडफोनवर. चावडीवर घेतलीत तर शेजारीच उत्तरं देतात! उलट दिशेनंही चाचणी घ्या.

गुणांची नुसती सरासरी फसवते. सरासरी चांगली असून प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत, त्याचं माप) 10 टक्क्यांच्या आत असेल तर समज बोलींच्या जवळिकीतून आलेली. 15 च्या वर गेलं तर काहींनी बाजारात, सोयरिकीत ती बोली शिकलेली असते. सीमाभागात हे हमखास, म्हणून प्रत्येकाचं शाळेचं माध्यम आणि आजोळ टिपून ठेवा.