छोट्या लेथवर मोठी चकती: बटण दाबण्यापूर्वीची तयारी

आपल्याकडे लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापण्याचे यंत्र) फुटांत ओळखतात: चार फुटी, साडेचार फुटी, सहा फुटी. ही लांबी बेडची, म्हणजे यंत्राच्या खालच्या आडव्या पायाची, असते आणि मोठ्या व्यासाचा जॉब (कापायचा तुकडा) समोर आला की तिचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून पहिले माप घ्यावे ते बेडपासून सेंटरच्या, म्हणजे जॉब ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्या, उंचीचे. ते 125 मिमी असेल तर बेडवरून 250 मिमी व्यासाचा जॉब फिरेल, पण टूल आडवे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडवरून जाणारा व्यास यापेक्षा बराच कमी असतो आणि तो स्केलने मोजूनच लिहून ठेवावा. येथे उदाहरणादाखल 200 मिमी व्यासाची, 40 मिमी जाडीची, गॅसने कापलेली फ्लँजची (बोल्टने जोडायच्या कड्याची) चकती घेतली आहे.

वजन आधीच काढावे. मिलीमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला 162 ने भागले की एका मीटरचे किलो मिळतात, हे लोखंडाच्या दुकानातले गणित इथेही चालते: 40,000 भागिले 162 म्हणजे 247, आणि 40 मिमीचे सुमारे दहा किलो. एवढे वजन उचलता येते, परंतु एका हाताने फेसप्लेटला (लेथच्या फिरत्या टोकावरच्या, खाचा असलेल्या तबकडीला) टेकवून दुसऱ्या हाताने बोल्ट लावता येत नाही. त्यासाठी योग्य उंचीचा लाकडी ठोकळा बेडवर ठेवावा. त्याने बेडही वाचतो आणि बोटेही.

125 मिमीच्या थ्री-जॉ चकचा (तीन जबड्यांत जॉब पकडणाऱ्या साधनाचा) विचार सोडून द्यावा. जॉ उलटे बसवून बाहेर ओढत नेले तर आतल्या चक्राच्या आट्यांत त्यांचे एखाददुसरेच दात उरतात, आणि चक घट्ट झाल्याचा भास मात्र पूर्ण होतो. जॉब फेसप्लेटवरच घ्यावा.

फेसप्लेटवर क्लॅम्प लावले तर ते नेमके फेस मारायच्या (समोरची बाजू सपाट कापायच्या) जागी येतात. या फ्लँजला 160 मिमीच्या वर्तुळावर 18 मिमीची चार भोके पाडायचीच आहेत, तेव्हा ती आधी 14 मिमीची पाडून त्यांत एम16 चे (16 मिमी बोल्टचे) आटे पाडावेत आणि बोल्ट फेसप्लेटच्या मागून घालावेत. पुढचा सगळा फेस मोकळा मिळतो आणि काम संपल्यावर 18 चे ड्रिल फिरवले की आटे आपोआप नाहीसे होतात. मात्र मार्किंगच्या आधी फेसप्लेटच्या खाचा त्या वर्तुळावर येतात का ते पाहावे, आणि बोल्टची लांबी अशी घ्यावी की टोक चकतीच्या पुढे डोकावणार नाही.

चकती आणि फेसप्लेट यांच्यामध्ये, प्रत्येक बोल्टवर, एकसारखे 10 मिमी जाडीचे वॉशर घालावेत, म्हणजे बोअरिंगचे (मधले भोक मोठे करायचे) टूल आरपार गेले तरी फेसप्लेट कापली जाणार नाही. गॅसने कापलेली प्लेट क्वचितच सपाट असते. बोल्ट हलके आवळून प्रत्येक वॉशरखाली कागदाची पट्टी ओढून पाहावी, आणि जिथे ती सुटते तिथे पत्र्याची पातळ पट्टी सरकवावी. कडेचा पापुद्रा आणि गॅसने कडक झालेला थर आधीच ग्राइंडरने काढावा, नाहीतर एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलची धार पहिल्याच फेऱ्यात जाते.

सेंटर करण्यासाठी मध्यभागी सेंटर ड्रिलचे छोटे भोक पाडून टेलस्टॉकच्या (बेडच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या) टोकदार सेंटरने चकती दाबून धरावी आणि मग बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. खडबडीत कडेवर डायल (बारीक फेर दाखवणारे मापक) लावण्यात अर्थ नाही, आखलेल्या वर्तुळाजवळ सुईचे टोक धरून फेर पाहिला तरी पुरते.

आता टूल पोस्ट आणि तिला वाहून नेणारा सरकता भाग, म्हणजे कॅरेज, ज्या टोकापर्यंत जाणार आहेत तिथवर हाताने नेऊन पाहावे, कारण कड मारताना कॅरेजचा पंख चकतीखाली अडकू शकतो. नंतर गिअर न्यूट्रल करून फेसप्लेट हाताने पूर्ण फिरवावी. पहिल्या अशा जॉबच्या वेळी मी ती अर्धाच फेरा फिरवली होती, उरलेल्या अर्ध्यात एका बोल्टचे डोके हेडस्टॉकला (फेसप्लेटमागच्या गिअरच्या पेटीला) घासले, आणि तो चरा आजही तिथे आहे. हात सोडल्यावर फेसप्लेट दरवेळी त्याच बाजूने खाली येत असेल तर विरुद्ध बाजूला वजन बांधावे. या गोल चकतीला त्याची गरज सहसा पडत नाही, पण एका बाजूला जड असलेल्या बेअरिंग हाउसिंगला पडतेच.

वेगाचे गणित सोपे आहे. एचएसएसने मऊ पोलाद मिनिटाला 25 मीटरने कापायचे तर 200 मिमी व्यासाला मिनिटाला सुमारे 40 फेरे येतात, म्हणजे वेग उतरवणारा बॅक गिअर लावणे आले. सर्वांत कमी वेग 60 असेल तर जास्त वेग सोसणारे कार्बाइड टूल लावून काप हलका ठेवावा. स्पिंडलचे (फेसप्लेट फिरवणाऱ्या दांड्याचे) नाक आट्यांचे असेल तर उलटा वेग अजिबात देऊ नये, फेसप्लेट उलगडून येते.

हातमोजे काढावेत, बाह्या वर घ्याव्यात, पाने आणि ठोकळा बेडवरून उचलून ट्रेमध्ये ठेवावेत आणि बटण दाबताना फेसप्लेटच्या रेषेत उभे राहू नये. पहिला काप झाला की यंत्र पूर्ण थांबवून चारही बोल्ट पुन्हा आवळावेत, त्यांपैकी एखादा तरी पाव फेरा घेतोच.