जुन्या गाडीतील बॅटरी आणि चार्जिंगचे दोष कसे शोधावेत

जुनी गाडी सुरू होईनाशी झाली की सहसा आधी बॅटरी बदलली जाते, तक्रार पुन्हा आली की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) बदलला जातो, आणि बराच खर्च झाल्यावर लक्षात येते की दोष इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत होता. असे होऊ नये म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी व्होल्टेज मोजावे. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि थोडा धीर एवढ्यावर बहुतेक दोष घरच्या घरी सापडतात. येथे दिलेले आकडे १२ व्होल्टच्या, बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेल्या गाड्यांसाठी आहेत. काही फार जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असते, त्यामुळे हात घालण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सर्व दिवे बंद असताना, बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजलेले व्होल्टेज १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी उतरली आहे आणि १२ च्या खाली आकडा असेल तर पुढच्या चाचण्यांआधी ती चार्जरवर लावून पूर्ण भरणे आवश्यक आहे, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेली मापे दिशाभूल करतात. मात्र स्वस्थ बसलेल्या बॅटरीचा आकडा चांगला आला म्हणून ती चांगली ठरत नाही. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी मीटरकडे पाहावे. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज त्या क्षणी ९.६ च्या खाली गेले, तर बॅटरी थकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. व्होल्टेज १२ च्या वर टिकून आहे आणि तरीही स्टार्टर (सेल्फची मोटर) फिरत नाही किंवा फक्त एकदा ‘टक्’ असा आवाज येतो, तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचतच नाही किंवा स्टार्टर ती घेत नाही, असे समजून तिकडे वळावे.

जुन्या गाडीत सर्वाधिक वेळ द्यावा तो जोडांना. तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो, टर्मिनलवर पांढरी भुकटी जमते, बॉडीला बसवलेल्या स्क्रूखाली रंग आणि गंज साचतो, आणि यांपैकी प्रत्येक जागी थोडेथोडे व्होल्टेज वाया जाते. हा दोष दिवा किंवा मीटर नुसता लावून पकडता येत नाही. वीसपैकी एकच धागा शाबूत असलेली तारसुद्धा मोकळ्या टोकावर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, भार आला की मात्र हात टेकते. म्हणून मोजमाप वीज वाहत असतानाच करावे. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे वरच्या क्लॅम्पवर नव्हे तर खुद्द शिशाच्या खांबावर, आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवून सेल्फ मारावा. मीटरने ०.२ व्होल्टपेक्षा कमी दाखवले तर अर्थिंग ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाखवले, तर एकेक जोड पुढे सरकत मोजावा. ज्या जोडाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आकड्यांत एकदम उडी दिसते, तोच दोषी. तो खोलून, पॉलिश पेपरने चकचकीत घासून, घट्ट आवळून वर थोडे ग्रीस लावावे. हीच चाचणी बॅटरीचा धन खांब आणि स्टार्टरचा जाड बोल्ट यांच्यातही करावी. हेडलाइट लावल्यावर इंडिकेटर मंदावतो किंवा ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो, ही लक्षणेही बहुधा त्या दिव्याच्या खराब अर्थिंगचीच असतात.

आता चार्जिंग. इंजिन सुरू करून वेग थोडा वाढवल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत, आणि हेडलाइट व पंखा लावल्यावरही आकडा १३ च्या बराच वर राहायला हवा. १५ च्या पुढे जात असेल तर व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडला आहे. अशी गाडी चालवत राहिल्यास बॅटरीतले पाणी उकळून कमी होते. व्होल्टेज वाढतच नसेल तर प्रथम अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तपासावा, कारण सैल किंवा गुळगुळीत झालेला पट्टा भार आला की घसरतो. त्यानंतर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पाहावा. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो, त्यामुळे चावी फिरवल्यावर तो मुळीच लागत नसेल, तर केवळ बल्ब गेल्यामुळेही चार्जिंग बंद असू शकते. हे सर्व नीट असेल तरच अल्टरनेटरमधले झिजलेले कार्बन ब्रश किंवा जळालेला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) यांचा संशय घ्यावा. अल्टरनेटर चालतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची तार काढण्याची जुनी पद्धत पूर्णपणे टाळावी. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळते आणि चांगले डायोडही निकामी होऊ शकतात.

चार्जिंग व्यवस्थित असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर काहीतरी गुपचूप वीज खात आहे. ऋण तार सोडवून, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून, तो तार आणि खांब यांच्यामध्ये जोडावा. या स्थितीत सेल्फ मारू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. दारे बंद करून थोडा वेळ थांबल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर चिंता नाही. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा कोसळतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. डिकीतला न विझणारा दिवा आणि नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम हे नेहमीचे संशयित. कोणताही फ्यूज काढून आकडा ढळला नाही, तर अल्टरनेटरची जाड तार सोडवून पाहावी, कारण गळका डायोडही रात्रभरात बॅटरी रिकामी करतो. ती तार थेट बॅटरीशी जोडलेली असल्यामुळे हे काम बॅटरीची ऋण तार काढून ठेवूनच करावे आणि सोडवलेले टोक कापडात गुंडाळून मगच मीटर पुन्हा जोडावा.

काम करताना अंगठी आणि कडे काढून ठेवावे, ऋण तार आधी काढून शेवटी जोडावी, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्यामुळे जवळपास ठिणगी उडू देऊ नये. फ्यूज वारंवार जात असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज लावू नये. तसे केल्यास फ्यूजऐवजी तार तापते आणि आग लागू शकते. कुठे तार घासून बॉडीला टेकते आहे, हे दाराच्या बिजागरीपाशी आणि इंजिनजवळच्या वळणांवर हाताने चाचपून शोधावे.