प्रोग्राम क्रॅश झाल्यावर संगणकच हँग होतो? आधी सोडवा, मग कारण शोधा

डिझाइनचं कोरल, हिशेबाचं टॅली किंवा साधा ब्राउझर मधेच क्रॅश होतो, पडद्यावर 'नॉट रिस्पाँडिंग' उमटतं आणि त्याच्यासोबत अख्खा संगणक गप्प होतो. बेळगावात खडेबाजारच्या छापखान्यात ऐन लग्नसराईत हे घडतं, उद्यमबागेतल्या कारखान्याच्या ऑफिसात महिनाअखेरीला घडतं, खानापूर भागातल्या 'ग्राम वन' या सरकारी सेवांच्या केंद्रात बाहेर रांग लागलेली असताना घडतं. अशा वेळी हात थेट पॉवरच्या बटणाकडे जातो. तो थोडा आवरा. त्या बटणाने मशीन सुटतं खरं, पण अर्धवट लिहिली गेलेली फाइल तिथेच तुटते.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विंडोज प्रत्येक प्रोग्रामला मेमरीत वेगळी जागा देते. एक कोसळला तरी बाकीचे चालत राहावेत, यासाठीच ती रचना आहे. म्हणून एका प्रोग्राममुळे सगळं मशीन अडकत असेल, तर दुखणं बहुतेक वेळा त्या प्रोग्रामचं नसतं. सगळ्यांच्या वापरातलं काहीतरी थकलेलं असतं: मेमरी, हार्डडिस्क, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारा छोटा प्रोग्राम), नाहीतर आतली उष्णता. प्रोग्राम फक्त पहिला पडतो. तोच पुन्हा पुन्हा काढून टाकण्यात लोकांचे दिवस जातात आणि हँग होणं काही थांबत नाही.

नेमकं काय अडकलंय ते बघा

माउस हलवा. बाण हलतोय, पण एकाच खिडकीत क्लिक लागत नाही, तर फक्त तो प्रोग्राम अडकलाय. कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू किंवा शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर फॉर्म भरताना हे फार होतं. चक्र फिरत राहतं आणि आपण संगणकाला दोष देतो. दुसरा टॅब उघडून बघा. तो नीट उघडला, तर मशीन ठीक आहे, अडचण पलीकडच्या सर्व्हरची आहे. तिथे रीस्टार्ट करून काही मिळत नाही, उलट भरलेला फॉर्म जातो.

बाणही हलत नसेल, तर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे आणि तिच्याशी अजून बोलता येईल. दिवा ढिम्म राहिला, तर मशीन खोलवर अडकलंय. लॅपटॉपला असा दिवा नसेल, तर नुसत्या बाणावरून अंदाज घ्या.

आता सोडवायचं कसं

पहिली पायरी म्हणजे दोन-तीन मिनिटं काहीही न दाबणं. हे धीर धरा म्हणून सांगत नाही, त्याला कारण आहे. एखादी खिडकी पाच सेकंद उत्तर देत नाही म्हटल्यावर विंडोज तिच्यावर 'नॉट रिस्पाँडिंग' लिहिते. मोठी फाइल उघडत असेल, तर प्रोग्राम त्यानंतरही शुद्धीवर येतो. आणि तो खरंच पडला असेल, तर विंडोज त्या पडण्याचा अहवाल तयार करायला बसते. त्यासाठी प्रोग्रामच्या मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवला जाऊ शकतो. जुन्या, फिरत्या हार्डडिस्कवर एवढ्यानेही सगळं मशीन गोठल्यासारखं वाटतं. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा सारखा लुकलुकत असेल, तर आत काम चालू आहे. चालू द्या.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, उघडेल. त्यात 'मेमरी' आणि 'डिस्क' हे रकाने बघा. डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर त्या रकान्याच्या नावावर क्लिक करा, म्हणजे डिस्क सगळ्यात जास्त खाणारा वर येईल. 'विंडोज प्रॉब्लेम रिपोर्टिंग' वर आला, तर वर सांगितलेलं अहवालाचंच काम चाललंय, आणखी थोडं थांबा. अडकलेला प्रोग्राम दिसला की तो निवडून 'एंड टास्क' करा. सेव्ह न केलेलं काम यात जातं, हे धरून चाला.

टास्क मॅनेजर येतच नसेल, तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबा. ही जोडी कुठल्याही प्रोग्रामला मधे अडवता येत नाही, ती थेट विंडोजकडे जाते. म्हणून बाकी सगळं बंद पडलं तरी पुष्कळदा ती चालते. तिथूनही टास्क मॅनेजर उघडता येतो. प्रोग्राम गेला, पण खालची टास्कबार आणि डेस्कटॉपही गेला, असं झालं तर टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर' निवडून 'रीस्टार्ट' करा. संगणक बंद करावा लागत नाही.

पडदा गोठलाय किंवा काळा पडलाय, पण गाण्याचा आवाज येतोय? मग संशय ग्राफिक्सवर घ्या. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. एक बीप होतो, पडदा लुकलुकतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघड्या फाइल्स जागच्या जागी राहतात. ही युक्ती फार थोड्यांना माहीत असते. डिझाइनचं काम करणाऱ्या प्रत्येकाने ती कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवावी.

एवढं करूनही सुटत नसेल, तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीटच्या निळ्या पडद्यावर खाली कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं. कंट्रोल दाबून धरून त्यावर क्लिक केलं की 'इमर्जन्सी रीस्टार्ट' विचारलं जातं. सेव्ह न केलेलं यातही जातं. तोही पडदा येत नसेल तरच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मागची वायर उपटू नका.

पुन्हा चालू झाल्यावर

आधी काम वाचवा, मग बाकीचं बघा. वर्ड उघडल्यावर बाजूला परत मिळालेल्या प्रती दिसतात. त्या नव्या नावाने सेव्ह करा, जुन्या फाइलवर चढवू नका. वर्ड मूळ सेटिंगमध्ये दर दहा मिनिटांनी अशी प्रत ठेवतो. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन ते दोन-तीन मिनिटांवर आणा. कोरलची मूळ फाइल उघडत नसेल, तर त्याच फोल्डरात 'बॅकअप ऑफ' अशी सुरुवात असलेली प्रत शोधा. टॅलीचा डेटा बिघडल्यासारखा वाटला, तर दुरुस्तीचा पर्याय वापरण्याआधी कंपनीचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. दुरुस्ती त्याच डेटावर होते, ती फसली तर हातात काहीतरी असायला हवं.

आणि एकदा मेनूतून 'रीस्टार्ट' द्या. 'शट डाऊन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे तेच, असं वाटतं, पण तसं नाही. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शट डाऊन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तोच परत उचलते. अडकलेला ड्रायव्हरही त्याच्यासोबत परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

कारण शोधताना

स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तारखांचा एक तक्ता येतो, त्यावर लाल फुल्या असतात. फुलीवर क्लिक केलं की त्या दिवशी काय पडलं ते दिसतं. दर वेळी एकच प्रोग्राम पडत असेल, तर दोष त्या प्रोग्रामकडे किंवा त्याच्या फाइलकडे. कधी ब्राउझर, कधी टॅली, कधी विंडोज स्वतः असं चाललं असेल, तर दोष हार्डवेअरकडे असण्याची शक्यता जास्त. माझ्या मते या एका तक्त्यावरून निम्मं निदान होतं.

आणखी खोलात जायचं तर 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'विंडोज लॉग्स' आणि त्यात 'सिस्टम' उघडा. तिथे 'कर्नल-पॉवर 41' दिसलं म्हणून घाबरू नका. मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. बटण तर आपणच दाबलेलं असतं. त्याच्या आधीच्या दोन-चार मिनिटांत काय नोंदलंय ते महत्त्वाचं. 'डिस्क' नावापुढे 7 हा क्रमांक असेल, तर डिस्कवर खराब जागा आहे. 'डिस्प्ले' आणि 4101 असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकून परत सुरू झाला होता.

डिस्कचा इशारा मिळाला, किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर बाकी सगळ्या तपासण्या थांबवा आणि डेटा बाहेर काढा. मरायला टेकलेल्या डिस्कवर तपासणी चालवली तर ती त्यातच जाऊ शकते. डेटा सुरक्षित झाल्यावरच 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असं जा. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात लाइट दिवसातून कितीदा जाते ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. लिहिणं चालू असताना वीज गेली, तर फाइल्स आणि कधी डिस्कही बिघडते. तिथे चांगल्या बॅटरीचा यूपीएस ही चैन नाही.

मेमरीचं बघायचं तर काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर आहे का बघा. 4 जीबी रॅमवर (रॅम म्हणजे हीच मेमरी) आजचा ब्राउझर आणि टॅली एकत्र उघडले की विंडोज डिस्कलाच मेमरी म्हणून वापरायला लागते. सी ड्राइव्ह भरलेला असेल, तर तेही जमत नाही आणि सगळं गोठतं. 8 जीबी रॅम आणि फिरत्या डिस्कऐवजी न फिरणारी, वेगवान एसएसडी, या दोन बदलांनी जुनी मशीनंही कामाला लागतात. रॅमच खराब आहे का, हे 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक'ने कळतं. पावसाळ्याच्या दमटपणाने तिच्या सोनेरी पट्टीवर पुटं चढतात. वायर काढून, लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवून, रॅम बाहेर काढा, पट्टीवरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका आणि खटका बसेपर्यंत परत बसवा.

आता उष्णता. हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि आपल्या भागात तीच जास्त छळते. वडगाव, खासबागेत यंत्रमागाच्या शेजारी ठेवलेलं कॅबिनेट उघडून बघा. प्रोसेसरवरचा पंखा फिरत असतो, वरून सगळं ठीक दिसतं. पण तो पंखा सोडवून उचलला की खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर सुताच्या तंतूंची करडी गादी बसलेली असते. नखाने कोपरा धरून ओढली तर वाकळेच्या ठिगळासारखी अख्खी निघते. हवा पात्यांपर्यंत पोचतच नाही, प्रोसेसर तापतो, स्वतःला मंद करतो आणि जड प्रोग्राम उघडला की मशीन अडकतं. उद्यमबाग, मच्छेच्या फाउंड्रीजवळची धूळ याहून वाईट, कारण तिच्यात लोखंडाचे कण असतात आणि त्यातून वीज वाहू शकते. तिथे दोन-तीन महिन्यांनी कॅबिनेट ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. प्रोसेसरवरून धातूचा ठोकळा पूर्ण काढलात, तर परत बसवताना नवीन थर्मल पेस्ट (उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचवणारा लेप) लावावीच लागते.

छापखान्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्याकडे एकाच मशीनवर मराठी पत्रिकेसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी, वर युनिकोडचे आणि इंग्रजी असे ढिगाने फॉन्ट असतात. शिवाय कुणीतरी पेनड्राइव्हवरून अख्खं फोल्डर ओतलेलं असतं. त्यातला एक फॉन्ट खराब असला तरी कोरल उघडताना किंवा फॉन्टची यादी खाली ओढताना पडतो, आणि संख्या हजारांत गेली की मेमरीवरही भार येतो. सगळ्या फॉन्टची प्रत दुसरीकडे ठेवा, मग बाहेरून टाकलेल्यांपैकी निम्मे काढून कोरल चालवून बघा. क्रॅश थांबला तर खराब फॉन्ट काढलेल्या निम्म्यात आहे. त्यातले निम्मे परत घाला, पुन्हा बघा. असं निम्मं-निम्मं करत गेलं की थोड्याच फेऱ्यांत तो एक फॉन्ट सापडतो. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि एकाच वेळी दोन अँटिव्हायरस हेही असेच उपद्रवी आहेत, ते सरळ काढा.

हँग होणं एखाद्या अपडेटनंतर सुरू झालं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डवर डबल क्लिक करून 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. विंडोज 10 अजून वापरत असाल, तर तिचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेही विचारात घ्या.

मॅकवर अडकलेला प्रोग्राम कमांड, ऑप्शन आणि एस्केपने बंद होतो. लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट, एफ 3 ने दुसरा टर्मिनल उघडून तिथून तो थांबवता येतो. कारणं शोधण्याची पद्धत मात्र तीच.

दुकानात न्यायची वेळ आली तर

वरचं सगळं करून मशीन अडकतच असेल, किंवा कॅबिनेट उघडायची सवय नसेल, तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो बहुधा म्हणेल, "विंडोज मारून देतो, संध्याकाळी या." तेव्हा स्पष्ट सांगा, "आधी डेटा काढून घ्या की अण्णा, आणि डिस्क, रॅम तपासून मगच विंडोज मारा." नवी विंडोज टाकून खराब रॅम सुधारत नाही. रिलायबिलिटीच्या तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून न्या, आणि मशीन कधी अडकतं तेही सांगा: सकाळी चालू केल्या केल्या, की दोन तास तापल्यावर, की प्रिंट देताना. डेटा काढलेली डिस्क परत आल्यावर त्याच्यासमोरच दोन-चार फाइल उघडून बघा, मगच जुनं पुसायला सांगा.