पुण्यात नवीन आलात? गाडी लगेच आणू नका

लातूरहून मी पुण्यात आलो तो 2009 चा जून. तेव्हापासून गावाकडून येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी हेच सांगतो, की पहिले दोन-तीन महिने गाडी आणू नका. राहायला शांत खोली, फोटो काढायच्या जागा, गोड खायची ठिकाणं, मला आवडीचं जे काही इथं सापडलं ते पायी फिरतानाच.

खोलीचं आधी. पेठांमध्ये ‘कॉट बेसिस’च्या, म्हणजे खोलीतली एकच खाट भाड्यानं देण्याच्या, पाट्या जागोजागी दिसतील. माझी पहिली खोली मी एजंटच्या शब्दावर, दुपारी दोन वाजता बघितली. गल्ली सामसूम होती, लगेच हो म्हणालो. रात्री कळलं, खालच्या गोदामात बारा-साडेबारापर्यंत टेम्पो रिकामे होतात. महिन्याभरात खोली सोडली, डिपॉझिट गेलं ते गेलंच. पेठेत दुपारी कुठलीही गल्ली शांतच वाटते. म्हणून सकाळी आठला एक आणि रात्री दहाला एक अशा दोन खेपा घाला, मगच पैसे द्या. खिडकी रस्त्यावर उघडणारी नको, आतल्या चौकाकडची घ्या. उजेड थोडा कमी मिळेल, पण झोप मिळेल. लक्ष्मी रस्त्याच्या अगदी कडेला राहणार असाल तर विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते, हे धरून चला. फ्लॅट घेतलात तर 11 महिन्यांचा करार रीतसर नोंदवून घ्या, तोंडी बोलण्यावर राहू नका.

आता फोटो. मोबाइल पुरे. सकाळी साडेसहाला मंडईत जा. ब्रिटिशांच्या काळातली दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा, आणि खाली गाळ्यांवर भाज्यांचे ढीग रचणं चाललेलं. माणसांचा फोटो विचारून काढा. एक पाव मेथी घेऊन विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ तर चुकवूच नका. अठराव्या शतकातलं, काळ्या दगडाचं. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंड बांधणारे गोरे शिपाई कोरलेत. त्या गेंड्यापुढं मी पहिल्यांदा अर्धा तास उभा होतो.

पण माझी जागा पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यावर हॉर्नचा कलकलाट, आणि फाटकातून आत गेलं की एकदम गारवा. आठव्या शतकातली, अखंड खडकात कोरलेली लेणी, समोर गोल नंदीमंडप. मंडपाचे जाडजूड खांब मला कितीतरी दिवस फोटोत पकडता येईनात, नुसते राखाडी यायचे. मग एके सकाळी सहज स्क्रीनवर उन्हाच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. मागचं सगळं काळं झालं आणि दगडावरचा छिन्नीचा एकेक घाव उठून दिसला. तेव्हापासून मी अंधार उजळवत बसत नाही, अंधारच राहू देतो. ही पुरातत्त्व खात्याची वास्तू आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते, तो घरीच ठेवा.

चालून पाय दुखले की सदाशिव पेठेत सुजाता मस्तानी. घट्ट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा. आधी चमच्यानं गोळा अर्धा खायचा, उरलेला दुधात विरघळू द्यायचा. रात्रीचं जेवण मात्र मग कमीच जातं, मेसवाल्या काकूंना आधी सांगून ठेवा.

कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी आहे. तिथली श्रूजबेरी गावी जायच्या दिवशी सकाळीच घ्या, रांग असते आणि दुपारी दुकान बंद असतं. लोण्याचं बिस्कीट, दातांना त्रास नाही. माझ्या आईला फार चालतं. मी बसमधून उतरून घरात पाय ठेवला की ती आधी पिशवीकडं बघते.