रस्ता सुरक्षेच्या संशोधनात येताय? आधी मोजायला शिका

वाहतूक संशोधनात येऊ इच्छिणारी मुलं मला बहुतेक वेळा एकच विचारतात: कोणतं सॉफ्टवेअर शिकू? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागतो. पहिला प्रश्न असा, की एखादा चौक सुधारल्यावर तिथले अपघात खरंच कमी झाले का, आणि झाले असतील तर ते आपल्या उपायामुळेच का? इतकी वर्षं या कामात काढल्यावर माझं मत झालंय, की रस्ता सुरक्षेतलं अर्धं संशोधन याच प्रश्नाशी झगडतं आणि उरलेलं अर्धं त्याला बगल देऊन चालतं.

जगभरात रस्त्यांवर दरवर्षी सुमारे ११.९ लाख माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालातला अंदाज आहे. आकडा प्रचंड आहे. पण एकेका चौकाकडे पाहिलं तर तिथे गंभीर अपघात वर्षाला एखाददुसरा, बऱ्याचदा एकही नाही. एवढ्या तुटपुंज्या आकड्यांवरून निष्कर्ष काढायचा असतो.

समजा शंभर चौकांपैकी गेल्या वर्षी सर्वाधिक अपघात झालेले दहा तुम्ही निवडले. तिथे काहीही केलं नाही तरी पुढच्या वर्षी अपघात बहुधा कमीच होतील. कारण त्या दहांत खरोखर धोकादायक चौक असतात, तसे फक्त त्या वर्षी नशीब फिरलेलेही असतात. ज्याच्या फाशावर सलग सहा पडले त्याला हात धुऊन यायला सांगा. पुढच्या खेपेला सहा कमी पडतील, पण त्याचं श्रेय साबणाला देता येत नाही. गतिरोधक, नवे फलक, रंगवलेले पट्टे यांच्या यशाच्या कितीतरी कहाण्या अशा साबणाच्या असतात.

यावर कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठाचे एझ्रा हाउअर यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांनी रुजवलेली रीत थोडक्यात अशी: तशाच रचनेच्या आणि तेवढ्याच वाहतुकीच्या इतर चौकांवर सरासरी किती अपघात अपेक्षित आहेत ते काढायचं, या चौकावर प्रत्यक्ष किती झाले ते घ्यायचं, आणि दोन्हींना योग्य वजन देऊन मधला अंदाज बांधायचा. उपायानंतरच्या आकड्यांची तुलना त्या अंदाजाशी करायची, नुसत्या मागच्या वर्षाशी नाही. हे समजायला संख्याशास्त्र लागतं. स्थापत्यच्या पदवीला जेवढं शिकवतात तेवढ्यावर भागत नाही. पॉयसाँ वितरण, ऋण द्विपद वितरण (दोन्ही विरळ घटनांच्या मोजणीची गणितं) आणि बेजचा नियम (आधीचा अंदाज आणि नवे आकडे एकत्र करण्याची रीत) हे तिन्ही पहिल्याच वर्षी पक्कं करा. मानसशास्त्र किंवा संगणकशास्त्राकडून आलेल्यांनाही या क्षेत्रात जागा आहे, पण या पायरीवरून त्यांचीही सुटका नाही.

मोजायचं कसं याबरोबरच मोजायचं काय, हेही ठरवावं लागतं. याचं माझं आवडतं उदाहरण स्वीडनचं आहे. तिथल्या संसदेनं १९९७ मध्ये शून्य मृत्यूचं धोरण स्वीकारलं. माणूस चुकणारच, पण त्या चुकीपायी त्याचा जीव जाऊ नये अशी रस्त्याची रचना हवी, हा त्याचा गाभा. १९९८ पासून तिथल्या १३ मीटर रुंदीच्या साध्या रस्त्यांवर मधोमध पोलादी तारांचे कठडे बसू लागले. एका दिशेला दोन लेन, दुसऱ्या दिशेला एक, आणि काही अंतरानं अदलाबदल. कठड्याला गाड्या घासण्याचे प्रकार भरपूर झाले. नुसते ‘अपघात’ मोजले असते तर योजना फसली असंच म्हणावं लागलं असतं. प्रत्यक्षात समोरासमोरच्या धडका जवळपास संपल्या आणि मृत्यू तीन चतुर्थांशाच्या आसपास घटले. सिग्नल बसवल्यावरही असंच होतं. आडव्या धडका कमी होतात, मागून आदळणं वाढतं. या दोन आकड्यांची नुसती बेरीज करून ठोकलेला निकाल वाचलात, तर तो शोधनिबंध सरळ बाजूला ठेवा.

यामागचं भौतिकशास्त्र शाळेतलंच आहे. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेग असेल तर धडकेतली ऊर्जा जवळजवळ २.८ पट होते, कारण ती वेगाच्या वर्गानुसार वाढते. रस्ता रुंद आणि सरळ केला की तो कागदावर सुरक्षित दिसतो. पण चालकही त्यावर जास्त वेगानं जातो आणि मिळालेली सवड खाऊन टाकतो. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदतील, मिळतील किंवा फुटतील असे ३२ बिंदू असतात, एका लेनच्या वर्तुळाकार चौकात फक्त ८. तरी त्या चौकाचा मोठा फायदा बिंदूंच्या संख्येत नाही, तिथे सगळ्यांनाच वेग कमी करावा लागतो त्यात आहे.

अपघात इतके विरळ असतील तर त्यांची वाट पाहत बसायचं का? नाही. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘थोडक्यात वाचले’ असे प्रसंग पद्धतशीर नोंदवायला सुरुवात झाली आणि पुढे स्वीडनच्या लुंड विद्यापीठात ही पद्धत घोटीव झाली. टक्करीच्या वाटेवर असलेल्या दोघांनीही वेग आणि दिशा बदलली नाही तर किती सेकंदांत टक्कर होईल, हे त्यातलं मुख्य माप. आता हे काम कॅमेरा आणि संगणक करतात. तरीही सुरुवातीला स्वतः चौकात उभं राहून नोंदी घ्या, असा माझा आग्रह असतो. झेब्रा क्रॉसिंग सोडून लोक नेमके दहा पावलं अलीकडूनच का ओलांडतात, हे चित्रफितीपेक्षा तिथे उभं राहिल्यावर लवकर कळतं.

सिग्नलवरच्या संशोधनाकडे नव्या मुलांची सर्वात जास्त गर्दी असते, कारण तिथे स्वतः शिकणारे अल्गोरिदम चालतात. जरूर करा. फक्त आधी जुनं काम समजून घ्या. ब्रिटिश संशोधक वेबस्टर यांनी १९५८ मध्ये सिग्नलच्या एका फेरीची लांबी ठरवण्याचं सूत्र दिलं आणि ते आजही शिकवलं जातं. ते वाहनांचा खोळंबा कमीत कमी करतं. त्यात पायी चालणारा नाही. फेरी लांबली की तो कंटाळतो आणि लाल दिव्यातच निघतो. आजच्या शिकणाऱ्या सिग्नलांवरच्या बऱ्याच कामातही ध्येय खोळंब्याचंच असतं, फक्त गणित नवं असतं.

पिवळ्या दिव्याचा कालावधी मात्र थेट जिवाशी निगडित आहे. गाझिस, हर्मन आणि मॅराडुडिन या संशोधकांनी १९६० मध्ये दाखवलं, की पिवळा अपुरा असेल तर रस्त्यावर असा एक पट्टा तयार होतो जिथे चालकाला थांबताही येत नाही आणि वेळेत पारही होता येत नाही. ताशी ५० किलोमीटरला प्रतिक्रियेचा एक सेकंद आणि बेताचा ब्रेक धरला, तर पिवळा साधारण ३.३ सेकंद हवा. हे गणित स्वतः कागदावर करून पाहा, अर्ध्या पानात होतं.

आणि आता ते सॉफ्टवेअर. संगणकावर वाहतुकीची नक्कल करणारं जर्मन एरोस्पेस सेंटरचं सुमो (SUMO) मोफत आहे, सुरुवातीला तेच घ्या. पण त्यातल्या मूळ मॉडेलमधला चालक टक्कर टाळूनच चालतो, ती त्याची गणिती अटच आहे. तेव्हा खोळंबा, रांगा, उत्सर्जन यांसाठी ते उत्तम; सुरक्षेचे दावे करताना मात्र दहादा विचार करा.

गाईड निवडताना विषयाच्या नावाला भुलू नका, आकडेवारी हाताशी आहे का ते विचारा. पोलिसांच्या नोंदींत किरकोळ अपघात आणि एकट्यानं सायकलवरून पडणारे फारच कमी सापडतात. रुग्णालयाच्या नोंदी जोडता येणार असतील तर कामाचा दर्जा बदलतो. चित्रीकरणाच्या परवानग्यांना वेळ लागतो, चेहरे आणि नंबरप्लेट पुसण्याची व्यवस्था अर्जातच लिहावी लागते. पुढे नोकऱ्या रस्ते खात्यांत, सल्लागार कंपन्यांत आणि सुरक्षा लेखापरीक्षणात, म्हणजे रस्त्याच्या आराखड्यातले धोके तपासण्याच्या कामात मिळतात. परीक्षण करणारा मूळ आराखडा काढणाऱ्या गटातला नसावा, हा तिथला पहिला नियम.

आणि एखादा चौक बदलणार असल्याची कुणकुण लागली, तर काम सुरू होण्याआधी तिथलं चित्रीकरण करून ठेवा. शेजारच्या, न बदलणाऱ्या एखाद्या चौकाचंही त्याच दिवसांत करा. तुलनेला तोच लागतो.