चीनमधला सौदा जेवणाच्या टेबलावर

चीनमध्ये माल बघायला जाताय? दरपत्रकं, नमुने बघालच, पण एखादी संध्याकाळ मोकळी ठेवा. तिथे आधी ‘ग्वानशी’, म्हणजे माणसामाणसांतलं देणंघेणं जुळतं, सही त्यानंतर. ग्वांगझू शहरातला कँटन फेअर, म्हणजे मोठा व्यापारी मेळा, १९५७ पासून भरतोय. दिवसभर स्टॉल फिरून रात्रीच्या विमानानं परतणाऱ्याच्या हाती बहुधा व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठाच लागतो.

जेवायला बोलावलं तर टाळू नका. गोल टेबलाची दिसेल ती खुर्ची ओढून बसायचं नाही, यजमान दाखवेल तिथे बसायचं. दाराकडे तोंड असलेली जागा मानाची. ‘गानबेई’ म्हणत ग्लास भिडवताना आपल्या ग्लासाची कड समोरच्या वडीलधाऱ्याच्या कडेपेक्षा जरा खाली धरा. तोही आपला ग्लास खाली नेतो, तुम्ही आणखी खाली, आणि कधीकधी दोघेही टेबलाला टेकता! बायजिऊ ही तिथली धान्याची दारू बहुधा ५० टक्क्यांहून कडक असते, तेव्हा बेतानं. पीत नसाल तर पहिल्याच फेरीला सांगून चहाचा कप उचला. मध्येच हात आखडला तर यजमानाला ते लागतं.

भेटवस्तू दोन्ही हातांनी द्या. भिंतीवरचं घड्याळ मात्र नको: चिनी भाषेत ‘घड्याळ देणं’ आणि ‘अखेरचा निरोप देणं’ यांचा उच्चार एकच.

परतल्यावर वीचॅट या तिथल्या मेसेजिंग ॲपवर नुसत्या ऑर्डरी टाकू नका. त्यांच्या नववर्षाला शुभेच्छा धाडा. जूनमध्ये यजमानाची मुलगी ‘गाओकाओ’ला, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसणार असं जेवताना कानावर आलं असेल, तर पेपर कसे गेले तेही विचारा.